कोच स्टॅनफिलला घ्यावं की नाही

डच हार्बर, अलास्का
८ डिसेंबर १९९१

रॉइस,

आणि वर तू मलाच म्हणतोस की मला फुटबॉलमधलं काही कळत नाही! म्हणालास ते म्हणालास, फोन आपटलास. माझ्यामागे रांगेत उभी असलेली माणसं फिदीफिदी हसली. इथे अख्ख्या मासळी-कारखान्याला मिळून एक फोन आहे. तासभर वाट बघावी तेव्हा पाच मिनिटं मिळतात, आणि तुझी ती पाच मिनिटं ओरडण्यात जातात. म्हणून आता लिहून भांडतो. पत्र आपटून बघ, आवाज होतो का.

मुद्दा साधा आहे. टिलरी कॉलेजला बचावासाठी मुख्य कोच हवाय. तुझा लाडका स्टॅनफिल त्या जागेला लायक आहे का? मी म्हणतो, नाही. मी नववीत शाळा सोडली हे कबूल, पण बेरीज मला येते. टिलरी सोडल्यावर तो माणूस तीन कॉलेजांत गेला आणि तिन्ही ठिकाणी त्याला दार दाखवलं. गेल्या वर्षी त्याच्या पोरांवर समोरच्यांनी एवढे गुण चढवले की फलक लावणाऱ्याचा हात दुखला असेल. आता तुम्ही सगळे हर्शेल न्हाव्याच्या दुकानात बसून म्हणणार, अठ्ठ्याहत्तर साली बघा, अठ्ठ्याहत्तर साली बघा. बघितलं. त्या वर्षी तुम्ही खेळलात कोणाशी? अर्धे संघ असे होते की त्यांच्याकडे धड बूट नव्हते. वासरांत लंगडी गाय शहाणी.

तो दुसरा उमेदवार आहे ना, ओहायोचा प्रुएट, त्याला घ्या. त्याने मोठी मैदानं गाजवली नसतील, पण त्याची पोरं वर्षाच्या शेवटी स्वतःच्या पायांनी घरी जातात असं ऐकलं.

इथे दिवस सात तासांचा झालाय. मी खेकड्यांचे पाय तोडतो. बारा तास तेच. स्वप्नातही तेच.

विनेल वहिनीला सांग, तिने पाठवलेल्या पिकानच्या दाण्यांच्या वड्या पोचल्या, चुरा होऊन. चमच्याने खाल्ल्या.

लॉनी


टिलरी, मिसिसिपी
१९ डिसेंबर १९९१

शेंबड्या,

तुझं पत्र हर्शेलच्या दुकानात मोठ्यांदा वाचून दाखवलं. हर्शेल म्हणाला, ‘पोरगं अलास्कात बसून उंटावरून शेळ्या हाकतंय.’ सगळे खूप हसले. तुला उचक्या लागल्या असतील.

कोचना तिन्ही ठिकाणी काढलं म्हणतोस. अरे, कोचना काढतातच. हवामान बदललं तरी काढतात. तू मला सांग, अठ्ठ्याहत्तर साली डेल्टावाल्यांच्या सामन्यात काय झालं? आमच्या रेषेपासून हातभर अंतर उरलेलं. चार वेळा आले, चारही वेळा मी त्यांना उताणं पाडलं. चौथ्या वेळी त्यांच्या त्या सांडाला मी असा डोक्याने घेतला की त्याचा एक बूट मैदानात राहिला आणि तो दवाखान्यात गेला. कोच धावत आले आणि माझ्या हेल्मेटवर स्वतःच्या हाताने लाल हातोडा चिकटवला. त्या वर्षी माझ्या हेल्मेटचा मूळ रंग कोणता होता हे कोणी सांगू शकत नव्हतं, इतके हातोडे. समोरचा आपणहून उठला तर हातोडा नाही, हा कोचचा नियम. अशा माणसाला तू नालायक म्हणतोस?

आणि तुझा तो चष्मेवाला प्रुएट! खांद्याने आडवं करायला शिकवतो म्हणे. खांद्याने दार उघडतात, लॉनी, माणूस नाही पाडत.

एक बातमी. गॅसच्या टाक्यांची गाडी मी सोडली. कंटाळा आला होता. कोच लागले की मला मधल्या फळीचा साहाय्यक म्हणून घेणार आहेत, तसा त्यांनी शब्द दिलाय. फेब्रुवारीत निवड समितीसमोर जुन्या खेळाडूंनी बोलायचंय. पहिला मी. कॅप्टन होतो ना. मला कोच म्हणाले, ‘रॉइस, माझी सगळी प्रशस्तिपत्रकं एकीकडे आणि तू एकीकडे.’

आपल्या घरातलं कोणी कॉलेजात पगारावर लागेल असं आईला कधी वाटलं असतं का? आणि तू खेकड्यांचे पाय तोड.

रॉइस


डच हार्बर
२ जानेवारी १९९२

रॉइस,

गाडी सोडलीस? अकरा वर्षांची नोकरी सोडलीस, आणि कशावर, तर म्हाताऱ्याच्या शब्दावर? विनेल काही बोलली नाही? ती तर दुधाचा पेला सांडला तरी बोलते.

बरं, साहाय्यक हो. झालास तर सगळ्यांत जास्त आनंद मला होईल, हे लिहून ठेव. पण त्यासाठी स्टॅनफिल चांगला आहे असं मी म्हणणार नाही. तू लिहिलेलंच उलटं करून बघ. डेल्टाच्या ज्या गड्याला तू पाडलंस त्याचं पुढे काय झालं? नाव तरी आठवतं का त्याचं? माझ्या खोलीत फ्लोरो म्हणून एक फिलिपिन्सचा म्हातारा आहे. त्याला फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात एवढंच माहीत, आपला हेल्मेट घालून धडका मारायचा फुटबॉल त्याने कधी बघितला नाही. त्याला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘मग तो बूट कोणी नेऊन दिला?’ याचं उत्तर तू दे.

आणि मुद्द्याचं बोल. अठ्ठ्याहत्तर सोडून एक तरी वर्ष सांग. एक. ब्याऐंशी? पंचाऐंशी? तेव्हा त्याच्याकडे तू नव्हतास, म्हणून त्याच्याकडे काहीच नव्हतं. हे मी लहानपणापासून म्हणतोय. नाव त्याचं झालं, डोकं तुझं लागलं.

इकडे वादळ होतं, विमान चार दिवस उतरलं नाही. पत्र उशिरा मिळालं तर मला शिव्या देऊ नकोस.

लॉनी


टिलरी
११ जानेवारी

शेंबड्या,

तुझं पत्र हर्शेलच्या दुकानात मोठ्यांदा वाचून दाखवलं. सगळे खूप हसले.

कोचना काढलं म्हणतोस. अरे, कोचना काढतातच. हवामान बदललं तरी काढतात. तू मला सांग, अठ्ठ्याहत्तर साली डेल्टावाल्यांच्या सामन्यात काय झालं? आमच्या रेषेपासून हातभर अंतर उरलेलं. चार वेळा आले, चारही वेळा मी त्यांना उताणं पाडलं. चौथ्या वेळी त्यांच्या त्या सांडाला मी असा डोक्याने घेतला की त्याचा एक बूट मैदानात राहिला. कोच धावत आले आणि माझ्या हेल्मेटवर स्वतःच्या हाताने लाल हातोडा चिकटवला.

तो प्रुएट खांद्याने आडवं करायला शिकवतो म्हणे. खांद्याने दार उघडतात, माणूस नाही पाडत.

एक बातमी. गॅसच्या टाक्यांची गाडी मी सोडली.

रॉइस


डच हार्बर
२२ जानेवारी

रॉइस,

वा! मला वाटलं होतं तू भांडायला बसलायस. तू तर छापखाना काढलास. तीच पानं परत पाठवतोस? मी काय विचारलं, तू काय लिहिलंस! बूट कोणी नेऊन दिला विचारलं तर बूट पुन्हा मैदानातच. खांद्याने दार उघडतात हे एकदा ऐकून मी हसलो होतो, तुला वाटलं दुसऱ्यांदाही हसेन. फ्लोरोने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, नुसत्या अक्षरांच्या आकारावरून म्हणाला, ‘ही दोन नाहीत, एकच आहे.’

समजलं मला. लॉनीचं काय वाचायचं, शाळा सोडलेलं पोरगं, त्याला मागचंच कागदावर उतरवून धाडा. हर्शेलच्या दुकानात याच्यावरही हसलात ना?

ठीक आहे. पण मी गप्प बसणारा नाही. समितीसमोर उभा राहशील तेव्हा तुला कोणीतरी विचारणारच की स्टॅनफिलने गेल्या दहा वर्षांत काय केलं. तेव्हा परत डेल्टा, डेल्टा केलंस तर तुझं हसं होईल. हे मी चिडून नाही सांगत. तयारी कर. ज्या वर्षांत त्याचा बचाव खरंच बरा होता ती वर्षं शोधून काढ. मला इथे एका जहाजावरच्या माणसाने सांगितलं की शहाऐंशीत त्याने लुइझियानात पोरं चांगली तयार केली होती. ते वापर. बघ, तुझ्या बाजूने मीच मुद्दे शोधून देतोय, एवढा मी मूर्ख आहे.

लॉनी


टिलरी
३० जानेवारी

लॉनी,

शनिवारी सरावाला येणार आहेस ना? दक्षिणेकडच्या फाटकाने ये, तिकडचा रखवालदार तिकीट विचारत नाही.

मला उशीर होईल. आईला सांग जेवायला थांबू नकोस म्हणावं, मकाभाकरी आणि शेंगा झाकून ठेव.

रॉइस


डच हार्बर
९ फेब्रुवारी

रॉइस,

यापुढे मला लिहू नकोस.

वाद स्टॅनफिलचा होता. तू मला शेंबडा म्हण, शाळेवरून बोल, हर्शेलकडून चार टोमणे उसने आण. ते चालतं. पण आईला मध्ये आणायचं नव्हतं. ती गेली तेव्हा मी समुद्रात होतो, तार मिळाली तोवर तुम्ही तिला पुरून आला होतात, हे तुला माहीत आहे. त्यावर तू आजवर कधी बोलला नाहीस, आणि मी मनात म्हणायचो, माझा भाऊ मोठ्या मनाचा. आता कळलं, तू ते राखून ठेवलं होतंस. ‘आईला सांग जेवायला थांबू नकोस.’ काय नेम धरलास, रॉइस. चारही वेळा उताणं.

स्टॅनफिलला घ्या नाहीतर समुद्रात टाका. तुझं आणि त्याचं एकच शास्त्र: समोरचा आपणहून उठता कामा नये.

लॉनी


टिलरी
२० फेब्रुवारी १९९२

प्रिय लॉनी,

तुझं पत्र मी फोडलं. रॉइसला दिलं नाही. चुलीत घातलं. रागाव हवं तर, पण आधी हे सगळं वाच. मला लांब पत्र लिहायची सवय नाही, शाळेच्या भटारखान्यातून आले आणि ॲप्रन न सोडताच बसलेय.

त्याने तुला टोमणा मारला नाही. त्याला त्या दिवशी आई घरात आहे असंच वाटत होतं.

गाडी त्याने सोडली नाही, रे. मालकाने काढून घेतली. ऑक्टोबरमध्ये तो टाक्या पोचवायला म्हणून गेला आणि दुपारी गाडी स्टेडियमच्या फाटकाशी सापडली, इंजिन चालू, मागे भरलेल्या टाक्या. तो वर पायऱ्यांवर एकटा बसला होता. सराव सुरू व्हायची वाट बघत होता. मालक भला माणूस, पोलिसांना नाही सांगितलं. रॉइसने माझ्याकडून शपथ घेतली, लॉनीला कळता कामा नये. मी शपथ पाळली आणि तुम्ही दोघं त्या स्टॅनफिलवरून भांडत बसलात. मला बरंच वाटायचं. तुझं पत्र आलं की तो दोन-तीन दिवस ताजा असायचा. ‘बघ काय लिहितोय शेंबडा’ म्हणत घरभर फिरायचा. उत्तर लिहायला बसला की मात्र जुनीच वाट धरायचा. मी म्हणायचे, हे लिहिलंस तू मागे. तो म्हणायचा, मग काय झालं, खरं आहे ना?

जानेवारीत मला त्याच्या मनगटावर पांढरी पट्टी दिसली. तुला आठवत असेल, खेळताना ती पोरं मनगटाला पट्टी बांधून तिच्यावर डाव लिहायची. मला वाटलं मनगट दुखावलं. तो झोपला तेव्हा मी वाचली. वार लिहिला होता. त्याखाली: ‘विनेल शाळेत, तीनला येते.’ त्याखाली: ‘गाडी नाही.’ आणि सगळ्यांत खाली, ‘आई गेली. विचारू नको.’

मी ती तशीच राहू दिली. रोज सकाळी तो न्हाणीत जाऊन नवी बांधतो. ज्या दिवशी तुला ते पत्र गेलं त्या दिवशी घरातली पट्टी संपली होती. एवढंच झालं होतं, लॉनी.

आता सभेचं सांगते. पंधरा तारखेला कॉलेजच्या जेवणघरात झाली. तळलेला कॅटफिश होता, कोबीची कोशिंबीर, अर्धं गाव होतं. आधी तो प्रुएट बोलला. आकडे, तक्ते. मागून कोणीतरी ओरडलं, ‘मास्तर, घंटा कधी वाजणार?’ सगळे हसले. तो लाल झाला, पण बोलायचं ते बोलला. मग रॉइस. मी त्याचं ते जुनं जॅकेट धुऊन इस्त्री केलं होतं. किती देखणा दिसत होता! डेल्टाचा सामना असा सांगितला की लोक खुर्चीच्या कडेवर आले. टाळ्या पडल्या. खाली बसायला वळला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेच शब्द. लोकांना वाटलं मुद्दाम करतोय, पुन्हा टाळ्या वाजवल्या, जरा कमी. मग तिसऱ्यांदा. तेव्हा कोणी वाजवल्या नाहीत. हर्शेल खालच्या आवाजात म्हणाला, ‘बस रे आता, बाबा.’ शेवटी कोच स्वतः उठले, त्याचं कोपर धरलं आणि म्हणाले, ‘शाबास, कॅप्टन. आता थोडं मला बोलू दे.’ त्याला खुर्चीपर्यंत आणलं. तो माझ्या कानात म्हणाला, ‘कसं झालं?’ मी म्हटलं, छान झालं.

आणि तरी त्यांनी स्टॅनफिललाच घेतलं. तुला खोटं वाटेल. समितीतल्या एकाने नंतर मला सांगितलं, ‘बाई, ज्याच्यासाठी माणूस इतका गहिवरतो तो कोच काही साधा नसणार.’ गहिवर म्हणे.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर कोच आमच्याकडे आले, बातमी द्यायला. कॉलेजची नवी टोपी आणली होती रॉइससाठी. तो पडवीत उभा होता. कोच खुशीत होते. पायरी चढता चढता जुन्या थाटात म्हणाले, ‘काय कॅप्टन, स्कोअर किती?’

यातलं तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. डोक्याला मार बसून गडी झिंगत बाहेर आला की कोच त्याला एवढंच विचारायचे, स्कोअर किती. बरोबर सांगितला की, चल, आत जा. लग्नाआधी रॉइसने मला हसत हसत सांगितलं होतं की त्यात काही अवघड नसायचं. फलक कोचच्या पाठीमागे असायचा. त्यांच्या डाव्या खांद्यावरून बघायचं आणि वाचून दाखवायचं. सगळी पोरं तेच करायची. कोचनी कधी मागे वळून बघितलं नाही.

लॉनी, तो पडवीत उभा राहिला आणि त्याने कोचच्या डाव्या खांद्यावरून वर बघितलं. डोळे बारीक करून. कितीतरी वेळ शोधत होता. तोंडावर अगदी शाळकरी पोरासारखा विश्वास, की आत्ता दिसेल. कोच आधी हसत होते. मग हसू गेलं. मग त्यांनी हळूच वळून मागे बघितलं. मागे काय असणार? शेजारच्या डनिगनांची पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेले कावळे.

ते मग वळले, टोपी रॉइसच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, कपाळावरचे केस आत सारले. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीत जाऊन बसले, पण गाडी लगेच सुरू झाली नाही.

मंगळवारी त्यांनी कॉलेजला कळवलं, नोकरी नको. बायकोची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. बायको ठणठणीत आहे, कालच दुकानात अंडी निवडताना भेटली. हर्शेलच्या दुकानात आता त्यांना पळपुटा म्हणतात. प्रुएटला घेतलं.

त्या माणसाचा राग करू की नको, मला कळत नाही. तू तोंडावर बोलणारा आहेस, तू सांग.

आणि त्याहून मोठं एक विचारायचंय. रॉइस रोज सकाळी टोपी घालून विचारतो, ‘कोच लागले का?’ लागले म्हटलं तर पिशवी भरून सरावाला निघतो, मला दारात आडवं उभं राहावं लागतं. नाही लागले म्हटलं तर लहान मुलासारखा रडतो, म्हणतो माझं बोलणं कमी पडलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने. एकच दुःख मी त्याला रोज ताजं करून वाढतेय. काय सांगू मी त्याला?

इथला डॉक्टर म्हणतो, असं म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्यांत बघितलंय, जॅक्सन शहरात मोठ्या डॉक्टरकडे न्या. रॉइस चौतीस वर्षांचा आहे. बघू कसं जमतं ते.

तू धावत येऊ नकोस. तू येशील, पंधरा दिवस राहशील, मग खिडकीबाहेर बघायला लागशील. तुला मी ओळखते. तू गेल्यावर त्याला रोज सांगावं लागेल की लॉनी गेला. त्यापेक्षा लिही.

विनेल


डच हार्बर
३ मार्च १९९२

विनेल,

तुझं पत्र मी बर्फात उभा राहून वाचलं, कारण खोलीत माणसं होती. मग कामावर गेलो. माझ्या हातून टोपलीभर माल वाया गेला. मुकादम ओरडला. ओरडू दे म्हटलं.

माझं ते पत्र तू जाळलंस ते चांगलं केलंस. त्याबद्दल आणखी काही लिहिता येत नाही.

स्टॅनफिलचा राग करायचा का विचारतेस. मला तर येतोच. रोज येतो, खेकडे तोडताना त्याचंच तोंड समोर आणतो. पण त्याने मागे वळून बघितलं, हे तू लिहायला नको होतंस. आता तेही दिसतं.

सकाळच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. लागले म्हणू नकोस, नाही लागले म्हणू नकोस. अजून ठरत नाही म्हण. समितीत भांडणं चालू आहेत म्हण. लॉनी अडून बसलाय म्हण. म्हणजे त्याला कुठे जायला नको, आणि काही गमवायलाही नको, फक्त मला चार शिव्या द्यायच्या. हे खोटं आहे असं मला वाटत नाही. आमचं दोघांचं कुठे ठरलंय अजून?

खालचं त्याला वाचून दाखव. एकदम नको, थोडं थोडं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाच. मी दर आठवड्याला नवं पाठवीन, पण विमानाचा भरवसा नाही.

*

रॉइस,

अजूनही ठरत नाही म्हणे! आणि याला कारण तू. तू समितीसमोर डेल्टाचा सामना इतका झकास सांगितलास की आता त्या लोकांना प्रुएटला घेववत नाही, आणि मी इथून जे आकडे पाठवले त्यामुळे स्टॅनफिललाही घेववत नाही. दोघा भावांनी मिळून अख्खं कॉलेज अडवून धरलंय. आईला हे कळलं असतं तर तिने दोघांना एकाच लाटण्याने हाणलं असतं.

पण मी माघार घेणारा नाही, ऐकून ठेव. माझं म्हणणं तेच: नाव त्याचं झालं, डोकं तुझं लागलं. याला तुझ्याकडे काय उत्तर आहे ते लिही. डेल्टाचं लिहायचं असेल तर डेल्टाचं लिही. मी वाचतो. फ्लोरोला पण वाचून दाखवतो. त्याला तो सामना आता पाठ झालाय, परवा जेवताना त्याने खेकड्याचे पाय मांडून मला दाखवलं तू कुठे उभा होतास. तुला जरा जास्तच डावीकडे ठेवलं होतं. मी सरकवलं.

खांद्याने दार उघडतात, हे मात्र भारी होतं. मी हसलो. परत लिहिलंस तर परत हसेन.

विनेल तुला जॅक्सनला एका डॉक्टरकडे घेऊन जाईल. कुरकुर करू नकोस, ती दारात आडवी उभी राहून दमली आहे, एक दिवस तिला गाडीत बसून खिडकीतून बघू दे. तो डॉक्टर तुला काहीबाही विचारेल. आज वार कोणता, गाव कोणतं. माहीत असेल ते सांग. नसेल तर सरळ सांग, डॉक्टर, मला आठवत नाही. मनगट बघू नकोस, इकडेतिकडे शोधू नकोस. तिथे तुला कोणी खेळाबाहेर काढणार नाही, रॉइस. तिथे माहीत नाही म्हणायची मुभा आहे.

जॅक्सनला जाण्यायेण्यासाठी आणि डॉक्टरसाठी विनेलच्या नावाने मनीऑर्डर करतोय. जास्त जमलं असतं, पण वाया गेलेल्या मालाचे कापले.

सहाशे चाळीस डॉलर.

लॉनी